शनिवारी नऊ वाजता, पोस्टाच्या पायऱ्यांवर

ताईला एका जागी बसता यायचं नाही. चहाचा कप घेऊन ती खिडकीशी जायची, खिडकीतून दाराशी, दारातून परत ओट्याशी, आणि कप खाली ठेवताना तिच्या लक्षात यायचं की चहा तसाच आहे, गार झालाय. आमच्या दोन खोल्या म्हणजे काही राजवाडा नव्हे, बारा पावलांत संपायच्या. त्या बारा पावलांत ही बाई दिवसाकाठी दोन कोस तरी चालत असेल.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का?" मी म्हणायचे.

"बसलं की सगळं आठवतं," ती म्हणायची आणि पुन्हा खिडकीशी.

'सगळं' म्हणजे नवरा, कॉलेजात शिकणारी लेक आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, असं मी धरून चालले होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ही बाई घर मागे ठेवून परक्या देशात नोकरीला आली होती. मी तिच्या चार वर्षं आधी आलेली. मी नर्स, ती एक्स-रे काढणारी, हॉस्पिटल एकच. आमचं नातंगोतं काही नव्हतं, भाषा तेवढी एक होती. परमुलखात तेवढं नातं पुरतं. वयानं मोठी म्हणून मी तिला ताई म्हणायचे. ती मला, लहर असेल तसं, 'बाळे' नाहीतर 'सिस्टरबाई'.

इथली भाषा मला बऱ्यापैकी यायची. ताईला यायची ती कामापुरती, आणि तिचं काम असं की तिची सगळी भाषा आज्ञार्थी. "इथे उभे राहा. हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा. झालं, जा." एवढ्या भांडवलावर ती बाहेरचा कारभारही चालवायची. कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरली की, "पाव. द्या. आत्ता." बेकरीतली मुलगी दचकून भट्टीतून निघालेला गरम पाव तिच्या हातात ठेवायची. मी मात्र 'कृपया' आणि 'आभारी आहे' म्हणून कालचा पाव घरी आणायचे.

सहा महिने झाले आणि ताईनं रक्त-तपासणीतल्या एका माणसाकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. सुट्टीच्या दिवशी ती तो गळ्यात अडकवून सकाळीच बाहेर पडायची, दुपारी परत यायची, आणि काढलेले फोटो लेकीला पाठवायची. एकदा मी स्वयंपाक करत होते, फोनचा आवाज मोठा होता, म्हणून ऐकू आलं. लेक विचारत होती, "आई, तुमच्या त्या शहरात लोकांना तोंडं नाहीत का गं?"

मी हात पुसून फोटो पाहिले. खरंच की. छत्री घेतलेली बाई, पाठमोरी. कुत्रं फिरवणारे आजोबा, पाठमोरे. बाकावरचं जोडपं, तेही पाठीमागून.

"समोरून रोखला की चोरी केल्यासारखं वाटतं," फोन ठेवल्यावर ताई म्हणाली. "लोक बघतात. मला त्यांना काही सांगता येत नाही. मग मी पुढे जाऊ देते आणि मागून काढते." ती दाराशी गेली, परत आली. "दहाजण असते तर गोष्ट वेगळी. एकटीनं कॅमेरा रोखला तर चोरटेपणा, दहाजणांनी रोखला तर कार्यक्रम."

"मग आण दहाजण," मी गमतीनं म्हटलं, आणि तिथेच चुकले. कारण ताईनं लगेच कागद आणि पेन पुढ्यात ठेवलं.

तिनं सांगितलेला मजकूर असा: 'या. शनिवार. सकाळी नऊ. मोठ्या पोस्टाच्या पायऱ्या. कॅमेरा आणा. रस्त्यावर चाला. फोटो काढा. नंतर कॉफी प्या.'

"ताई, हे आमंत्रण आहे की अटक वॉरंट?"

मी त्याला जरा माणसात आणलं. 'शिकवणारं कोणी नाही, परीक्षा घेणारं कोणी नाही, कसलाही कॅमेरा चालेल, फोनसुद्धा. सगळे मिळून हिंडू आणि शेवटी कॉफी पिऊ.' आठ प्रती काढल्या. वाचनालयात, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, बेकरीत, कपडे धुवायच्या दुकानात, जिथे कोणी नको म्हटलं नाही तिथे लावल्या.

पुढचे दहा दिवस तिनं मला उभं जाळलं. "कोणीच आलं नाही तर?" हे सकाळी. "भलतंच कोणी आलं तर?" हे संध्याकाळी. कामावरून येताना ती वाट वाकडी करून आठही कागद बघून यायची, जणू काही ते पळून जाणार होते. धुलाईच्या दुकानातल्या कागदाखाली कोणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'पाऊस आला तर?' ताईनं त्याखाली लिहिलं, 'भिजा.' मी दुसऱ्या दिवशी ते खोडून 'छत्री आणा' केलं.

शनिवारी आठ वाजताच आम्ही पायऱ्यांवर. पोस्टाच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब, मध्ये बावीस पायऱ्या. बावीस आहेत हे मला ठाऊक आहे कारण ताई त्या चढत-उतरत होती. नऊला पाच कमी असताना ती म्हणाली, "चल, घरी जाऊ." नऊ वाजले आणि खांबाच्या पलीकडून एक जाडजूड म्हातारे गृहस्थ पुढे आले. मघापासून तिथेच उभे होते म्हणे, पण वेळ झाली नव्हती ना! जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस. त्यांच्या कॅमेऱ्याला चामड्याचं कव्हर होतं आणि कव्हराला बटण.

मग बेकरीतली मुलगी धापा टाकत आली, बाहीला पीठ तसंच. "तुम्ही बोलावलंत म्हणजे यायलाच हवं होतं," ती ताईकडे बघून म्हणाली. मी भाषांतर केल्यावर ताई लाजली. शेवटी आला तो एक चाळिशीचा माणूस, पाठीवर पिशवी, छातीवर पिशवी, आणि हातभर लांब भिंग लावलेला कॅमेरा. मी ताईच्या कानात म्हटलं, "तोफखाना आला." तेच नाव त्याला कायमचं चिकटलं.

म्हणजे झाले पाच, मला धरून. माझ्याकडे फक्त फोन आणि घरी जायची इच्छा.

ताईनं वाट ठरवून ठेवली होती: पोस्टापासून बाजार, बाजारातून नदी, पूल, बाग. पण ती चालायची ती सवयीनं, पाठीमागे कोणी लागल्यासारखी. बाजार आम्ही चार मिनिटांत पार केला. कोणाचाही एकही फोटो निघाला नाही. तेव्हा बसवाले काका भर रस्त्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाईंना सांगा, गाडी थांब्यावर थांबवली नाही तर उतारू चढणार कसे?"

मग त्यांनीच थांबे लावून दिले. मासळीच्या गाळ्यांपाशी पाच मिनिटं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या खिडकीशी पाच मिनिटं, शाळेच्या भिंतीशी पाच. आणि काय सांगू, मजा यायला लागली. बेकरीवाली फक्त हात टिपत होती, मासे कापणारे, नोटा मोजणारे, कोटाची बटणं लावणारे. काका एका वेळी एकच फोटो काढायचे, मग कव्हर घालून बटण लावायचे. तोफखाना मात्र लांब उभा राहून शिकाऱ्यासारखा नेम धरायचा.

"यांना विचारत नाही तुम्ही?" मी ताईच्या वतीनं त्याला विचारलं.

"विचारलं की चेहरा खोटा होतो," तो म्हणाला. "रस्ता सगळ्यांचा असतो."

ताईला ते पटलं नाही, पण खोडून काढायला शब्द नव्हते. ती अजूनही पाठीच टिपत होती.

पुलाच्या अलीकडे औषधाचं दुकान आहे, त्याच्यासमोर बाक. त्या बाकावर पन्नाशीपुढचा एक माणूस बसला होता. तपकिरी कोट, टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. पलीकडच्या इमारतीच्या काचेवरून ऊन उलटून त्याच्या तोंडावर पडलं होतं. ताई थबकली. इतके महिने मी या बाईला ओळखत होते, तिला अशी निश्चल उभी मी पहिल्यांदा पाहिली.

"विचारा की," बेकरीवालीनं तिला कोपरानं ढोसलं.

ताई पुढे गेली. कॅमेरा वर करून दाखवला, त्याच्याकडे बोट केलं, मान तिरकी केली. त्यानं थकल्यासारखं डोकं हलवलं, काढा म्हणाला. ताईनं कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात त्यानं मान वळवली, आणि ताईच्या तोंडून, नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या सुरात निघून गेलं:

"हनुवटी वर. श्वास घ्या. धरा. हलू नका."

तो माणूस ताठ बसला. खांदे पुढे घेतले, छाती भरून श्वास घेतला आणि धरला. कॅमेऱ्याचा आवाज झाला. आम्हाला हसू येणार होतं, तोच त्याचा चेहरा उतरत गेला. तो उभा राहिला. टोपी खाली पडली.

"तुम्ही," तो म्हणाला. "तळघरातल्या खोलीतल्या. काचेमागच्या."

पुढे तो इतक्या भरभर बोलायला लागला की ताई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगत गेले. एकोणीस दिवसांपूर्वी त्याचा छातीचा एक्स-रे काढला होता. काचेमागची बाई त्याला नीट दिसली नव्हती, पण आवाज विसरला नव्हता. तिनं 'झालं, जा' म्हटलं आणि तो गेला. तेव्हापासून चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्याचा नेहमीचा डॉक्टर रजेवर, दवाखान्याला कुलूप, फोन नुसता वाजतो. घरी बसलं की बायको तोंडाकडे बघते. म्हणून तो रोज सकाळी कामाला जातो सांगून निघतो आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यानं हिंडतो.

"तिला विचारा," तो मला म्हणाला, "त्या दिवशी आत काय दिसलं?"

ताईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या कोटाकडे, कोटाच्या उजव्या बाजूकडे. "त्याला विचार," ती मराठीत म्हणाली, "उजवीकडची तिसरी बरगडी कधी मोडली होती?"

आणि मी येडबंबू, काही विचार न करता ते विचारून मोकळी झाले.

त्याचा हात आपोआप बरगडीवर गेला. "दहा वर्षांचा होतो. झाडावरून पडलो होतो. पण हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं." मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी तिच्या लक्षात आहे."

आता माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्याकडे नियम एकच आणि पक्का: एक्स-रे काढणाऱ्यानं काढायचा, सांगायचं डॉक्टरनं. ताईचं वर्ष अजून पुरं झालं नव्हतं. नोकरी कच्ची, आणि नोकरीवरच या देशात राहण्याचा परवाना टांगलेला. भर रस्त्यात तीन साक्षीदारांसमोर ही बाई आपल्या पायावर धोंडा मारून घेत होती.

ताई मला म्हणाली, "सांग त्याला, दिसलं. काय दिसलं ते मी सांगू शकत नाही, पण असं हिंडत बसू नको म्हणावं. सोमवारी सकाळी सरळ आमच्याकडे ये म्हणावं."

मी त्याच्याकडे वळले आणि त्याच्या भाषेत म्हटलं, "त्या म्हणतात, रोज इतके लोक येतात, त्यांना काही आठवत नाही. तुमचे डॉक्टर रजेवरून आले की सांगतील."

मी विसरले होते. 'आठवत नाही' हे शब्द ताईला येत होते. मागचं ऑपरेशन कधी झालं, असं ती कागदावरून वाचून रोज विचारायची, आणि निम्मे लोक तिला हेच उत्तर द्यायचे.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझे कान गरम झालेले कळले.

"मी असं म्हटलं नाही," ती म्हणाली. मला बाजूला सारून ती त्या माणसाशेजारी बाकावर बसली. टोपी उचलून त्याच्या हातात दिली. आणि जे शब्द तिच्याजवळ होते तेवढेच एकापुढे एक मांडत गेली.

"आठवतं. दिसलं. काय, डॉक्टर सांगणार. मी नाही. सोमवार. आठ. या. थांबू नका." 'बायको' हा शब्द तिला येत नव्हता. तिनं त्याच्या बोटातल्या अंगठीवर बोट ठेवलं. "आणा."

त्यानं अंगठी बोटात फिरवली. मग विचारलं, "वाईट आहे?"

ताईला प्रश्न कळला. तिनं उत्तर दिलं नाही, नजरही काढून घेतली नाही. "या," एवढंच पुन्हा म्हणाली.

इकडे दहा पावलांवरून खटाखट आवाज येत होते. तोफखाना. गुडघा टेकून बसला होता आणि त्या दोघांवर नेम धरून होता. मी ओरडणार एवढ्यात बसवाले काका शांतपणे चालत गेले आणि आपला सगळा देह त्या लांब भिंगापुढे उभा केला.

"इथे थांबा नाही," ते म्हणाले.

"असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो!"

"मग ज्याचा आहे त्याला विचारून घे," बेकरीवाली म्हणाली.

तोफखान्यानं बाकाकडे पाहिलं. उठला, बरीच बटणं दाबली, कॅमेऱ्याची पाठ काकांना दाखवली, रिकामी. आणि कोणाचा निरोप न घेता पुलावरून निघून गेला. तो माणूसही थोड्या वेळानं उठला. कॉफी राहिलीच. काकांनी ताईशी हात मिळवला, बेकरीवालीनं तिला मिठी मारली, बाहीचं पीठ ताईच्या काळ्या कोटाला पुसलं गेलं, आणि आमची ती मोठी सभा तिथेच मोडली.

घरी येईपर्यंत ताई माझ्या दहा पावलं पुढे होती. मी बटाटे सोलायला घेतले. ती खिडकीशी, दाराशी, ओट्याशी. शेवटी ओट्याशी थांबली.

"माझ्या तोंडात दुसरे शब्द घालायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"तुझी नोकरी वाचवत होते मी!"

"माझी नोकरी काय आहे ते मला ठाऊक आहे." तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि बटाटा स्वतः सोलायला लागली, जाड साल काढत. "रोज साठ माणसं माझ्यापुढे श्वास धरून उभी राहतात. मी काचेमागून बघते. मी 'झालं, जा' म्हणते. त्यातल्या एखाद्याचं झालेलं नसतं, सुरू झालेलं असतं, आणि त्या घडीला जगात ते मला एकटीला माहीत असतं. तो मला आभारी आहे म्हणतो. आणि मी दार उघडून पुढच्याचं नाव पुकारते. कळलं? वीस वर्षं. तिकडे निदान बाहेर येऊन 'डॉक्टरांना लवकर भेटा हं' म्हणता यायचं. इथे तेवढी भाषासुद्धा नाही."

तिच्या येरझाऱ्यांचं बिल मी इतके महिने सासूबाईंच्या नावावर फाडत होते.

संध्याकाळी लेकीचा फोन वाजला, तिनं उचलला नाही. कॅमेरा काढून तिनं दिवसभराचे फोटो चाळले. बाकावरच्या माणसाचा आला होता, पण हात हलल्यामुळे चेहरा पुसट. तिनं तो तसाच काढून टाकला.

रविवारी आम्ही दोघींनी न बोलता सगळं घर धुतलं. धुण्यासारखं फार नव्हतं, काही गोष्टी दोनदा धुतल्या.

सोमवारी आठ वाजले, तो आला नाही. माझी ड्यूटी तिसऱ्या मजल्यावर, पण मी काही ना काही निमित्त काढून तळघरात चकरा मारत होते. साडेआठ. सव्वानऊ. प्रत्येक माणूस बाहेर पडला की ताई दार उघडून सगळा पॅसेज बघायची आणि मग पुढचं नाव घ्यायची. साडेनऊला तिनं दार लावलं, पाटी उलटी केली, आणि सरळ एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

डॉक्टर म्हातारे, पापभीरू. त्यांनी तारीख बघून शोधलं. अहवाल त्याच दिवशी लिहिलेला होता. वर 'तातडीचा' असा शिक्काही होता. पाठवला होता त्या माणसाच्या डॉक्टरकडे, म्हणजे त्या कुलूप लावलेल्या दवाखान्यात. तिथे दाराच्या फटीतून आत पडून तो तीन आठवड्यांच्या टपालाखाली झोपला होता.

"तुम्ही का विचारताय?" डॉक्टरांनी विचारलं. ताईनं सांगितलं. तिच्या त्या तुटक्या, हुकमी भाषेत, काहीही न लपवता.

सव्वाअकराला तो आला. बरोबर एक ठेंगणी बाई, कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली. नवऱ्यानं आदल्या रात्रीपर्यंत तिला काही सांगितलं नव्हतं आणि सकाळी त्याला घराबाहेर काढायला तिला तीन तास लागले होते. डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले आणि दोघांना आत घेऊन गेले.

गाठ होती, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात. वेळेत सापडली असं म्हणता येईल, अगदी वेळेत असं म्हणता येणार नाही. तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. तो माझ्याच मजल्यावर होता. चांगला माणूस, पण कुरकुऱ्या; सूप गार आहे, उशी उंच आहे. ताईबद्दल त्यानं मला कधी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

त्याआधी, त्या सोमवारच्याच आठवड्यात, ताईला वरच्या ऑफिसात बोलावणं आलं, आणि दुभाषी म्हणून मला. मोठ्या बाईंनी विचारलं, "नियम ठाऊक असताना तुम्ही रुग्णाला सांगितलंत?"

ताई म्हणाली, "हो. काय आहे ते सांगितलं नाही. आहे, एवढं सांगितलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन."

शेवटचं वाक्य गिळून टाकायला माझी जीभ शिवशिवत होती. चार गोड शब्द पेरले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ताई माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मी तिचा प्रत्येक शब्द होता तसा पलीकडे पोचवला.

लेखी ताकीद मिळाली. कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्ची राहिली. अहवाल पडून राहिला ही चूक कुणाची, ते कागदावर कुठेच आलं नाही. पण पुढच्या महिन्यापासून 'तातडीचा' शिक्का असला की टपालाबरोबर रुग्णाच्या घरी फोनही जायला लागला. तो कोणी सुरू केला तेही कुठे लिहिलेलं नाही.

पहिल्या फेरीनंतरच्या शनिवारी जायचं नाही असं ताईनं ठरवलं होतं. पण आठ कागद काढायचे राहून गेले होते, आणि त्यावर तारीख घालायला आम्ही दोघी विसरलो होतो. पावणेनऊला तिला राहवेना. गेलो. काका होते, बेकरीवाली होती, कडक ऊन असूनही छत्री घेतलेली एक बाई होती, आणि कुठल्याशा शाळेतले दोन मास्तर. नदीकडे न जाता आम्ही दुसऱ्या बाजूला गेलो. ताईनं त्या दिवशी चपला शिवणाऱ्या माणसाला हातवारे करून विचारलं, तो हसला, आणि तिनं तोंडाचा फोटो काढला. लेकीनं तो पाहिला आणि उलट टपाली एकच अक्षर आलं: 'वा!'

तिसऱ्या शनिवारी तोफखाना उगवला. तोफ घरी ठेवून आला होता, साधं लहान भिंग. कोणी काही विचारलं नाही. काकांनी त्याला रांगेत घेतलं.

ताईची भिंगरी काही सुटली नाही. अजूनही चहा ओट्यावर गार होतो. ती घरी परत जाणार की लेकीला शिकायला इकडे आणणार, हे आठवड्यात दोनदा ठरतं आणि तीनदा मोडतं. मीही आताशा तिच्याबरोबर दारापर्यंत चालते आणि बोलणं पुरं करते, नाहीतर अर्धं वाक्य माझ्याकडे आणि अर्धं खिडकीकडे जातं.

चारेक महिन्यांनी एका शनिवारी आम्ही टेकडीवरून खाली उतरणाऱ्या गल्लीत होतो, आणि तो समोरून वर येताना दिसला. तोच तपकिरी कोट, बराच सैल झालेला. एका हातात भाजीची पिशवी. त्यानं आम्हाला पाहिलं. ताईच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला, मग तिचा चेहरा. ताईनं हात अर्धवट वर केला.

तो क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायला लागला. तोंड भिंतीकडे.

मला वाईट वाटलं. रागही आला, खोटं कशाला बोलू? "बघितलंस? साधी मान हलवायला काय झालं होतं?"

ताईनं हात खाली घेतला. ती वळून त्याच्याकडे बघत होती, काचेमागून बघावं तशी, डोळे बारीक करून. तो वर, अगदी वळणापर्यंत गेला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दिसेनासा झाला.

"चढ होता," ती म्हणाली. "दम घ्यायला कुठेही थांबला नाही."

आणि ती उताराला लागली, नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे.